पहिल्या वचनाला चार गुण

हेल्मेट डोक्यावरून उतरलं, तेव्हा आपण आत रडलो होतो की काय, हे डॉ. विशाखा खोब्रागडे हिला आठवेना. तिनं गालावरून हात फिरवला. गाल कोरडे होते.

"अर्धजागरातून बाहेर येताना सगळ्यांना असंच होतं," डॉ. नीरजा आठल्ये पाण्याचा पेला पुढे करत म्हणाल्या. नागपूरच्या निष्ठामापन केंद्राच्या त्या मुख्य परीक्षक होत्या. "आत काय ऐकलं ते आठवणार नाही. आठवू नये अशीच योजना आहे."

योजना कायद्यानं घालून दिलेली होती. विधानसभेच्या प्रत्येक उमेदवारानं आपली पाच वचनं अग्रक्रमानं लिहून द्यायची आणि या खुर्चीत बसायचं. निष्ठामापक यंत्र मेंदूला झोप आणि जाग यांच्या सीमेवर नेऊन ठेवी. त्या अवस्थेत कानावर पडेल ते मेंदू खरं मानतो. मग पाच बातम्या ऐकवल्या जात: तुमचं हे वचन कायमचं बारगळलं, आता तेही बारगळलं. प्रत्येक बातमीचा घाव किती खोल गेला, हे यंत्र शंभरपैकी गुणांत सांगे. मतदान यंत्रावर उमेदवाराच्या नावाशेजारी हे गुण छापले जात. लोकांना कायदा आवडला होता. ज्याला लागतं त्याचंच खरं, असं ते म्हणत.

नीरजांनी गुणपत्रक टेबलावर ठेवलं, पण लगेच पुढे सरकवलं नाही.

रात्रपाळीच्या बायकांसाठी बस, एकाहत्तर. गावोगावी पाळणाघरं, चौसष्ट. भर उन्हातल्या कामबंदीत शेतमजुरांना मजुरी, अठ्ठ्याहत्तर. वनहक्काचे पट्टे, एकोणसाठ. आणि यादीत सगळ्यात वर असलेलं वचन, वैनखेडा तालुक्यात सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांसाठी रक्तसाठवण केंद्र. चार.

"चार?" दाराशी उभे असलेले देवाजी मेश्राम पुढे आले. एसटीत कंडक्टर म्हणून हयात घालवलेले देवाजी आता विशाखाचा प्रचार सांभाळत होते. "चाळीस असन जी. शून्य पुसलं असन."

"चारच आहेत, काका," विशाखा म्हणाली.

"अन् त्या पिंपळशेंड्याले किती?"

दिलीप पिंपळशेंडे हे विद्यमान आमदार. विशाखाच्या जाहीरनाम्यातलं केंद्राचं वचन त्यांनी उचलून आपल्या यादीत शेवटी टाकलं होतं. त्यांचे गुण परवाच जाहीर झाले होते. त्या वचनाला अठ्ठ्याऐंशी.

"तुमच्या यंत्राले भांग पाजली का जी, मॅडम?" देवाजी म्हणाले.

विशाखा पत्रकावरच्या त्या आकड्याकडे बघत होती. बारा वर्षांचा नागसेन, तिचा धाकटा भाऊ, रक्त चढवायला जिल्ह्याच्या गावाला नेताना जीपमध्येच गेला होता. रक्त होतं, पण ते त्या गावात होतं. तेव्हापासून ती शिकली, बालरोगतज्ज्ञ झाली, परत वैनखेड्यात आली, आणि रक्त तालुक्यात यावं म्हणून जिथं जाता येतं तिथं जात राहिली. चार.

"फेरचाचणी आजच्या आज, एकदाच घेता येते," नीरजा म्हणाल्या. "दोन्हींपैकी एका पत्रकावर संध्याकाळी पाचपर्यंत सही करायची. तेच छापलं जातं."

"त्याआधी मला एक सांगा. हे यंत्र मोजतं काय?"

"दुःख."

"ते लोकांना सांगायला ठीक आहे. मीही डॉक्टर आहे."

नीरजा किंचित हसल्या. "मेंदूच्या तळाशी काही पेशी असतात. त्या एका लयीत ठोके देत असतात. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की ठोके वाढतात. अपेक्षेपेक्षा कमी मिळालं की ते काही क्षण थांबतात. तो खंड आम्ही मोजतो."

"अपेक्षेपेक्षा कमी."

"हो."

"आणि अपेक्षाच नसेल तर?"

नीरजा सावकाश म्हणाल्या, "तर खंड पडणार नाही. ठोके चालूच राहतील."

"माझे राहिले," विशाखा म्हणाली. "केंद्राचा प्रस्ताव परत आला, की मी तो पुन्हा पाठवते. परत येणार हे मला ठाऊक असतं. तरी पाठवते. तुमच्या बातमीत मेंदूला नवं काय होतं?"

"म्हणजे असं म्हणा जी," देवाजी मध्येच म्हणाले, "जेवत्याचं ताट ओढलं तर तो बोंबलते. उपाशी निजल्याचं कोणतं ताट ओढान?"

"यंत्राचं माप कुणावर तपासून ठरवलंत?" विशाखानं विचारलं.

"इथल्या संशोधक विद्यार्थ्यांवर. शिष्यवृत्ती रद्द झाल्याची बातमी ऐकवून."

"म्हणजे ज्यांना शिष्यवृत्ती मिळणार होती त्यांच्यावर."

नीरजा खिडकीकडे बघत राहिल्या. "पिंपळशेंड्यांना 'नाही' ऐकायची सवय नसेल," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "कुठलंही नाही त्यांना लागेल. अठ्ठ्याऐंशी त्याचेच आहेत."

"मग चांगली बातमी ऐकवा. केंद्र झालं म्हणून."

"पहिल्या निवडणुकीत तसंच करायचो. सगळेच फुलायचे, सगळ्यांचे गुण सारखेच. म्हणून कायद्यानं ते बंद केलं. आणि कायदा बदलायचा तर विधानसभेतच जावं लागेल."

"अन् तिथं जायचं तर हे टोपलं डोक्यावर घ्या," देवाजी म्हणाले.

"फेरचाचणीतही चारच येतील," विशाखा म्हणाली.

"येतील. मधल्या वेळात तुम्हाला मनापासून आशा वाटली, तरच बदलतील. आणि त्यासाठी औषध देणं गुन्हा आहे."

देवाजींनी एकदा नीरजांकडे बघितलं, एकदा विशाखाकडे. "मी जरा बिडी ओढून येतो," ते म्हणाले.

विशाखा व्हरांड्यातल्या बाकावर बसली. चार हा आकडा उद्या प्रत्येक चौकात ऐकू येणार होता. ज्या बाईनं भाऊ गमावला, तिलाच त्याचं काही नाही! सभेत कुणी तोंडावर विचारलं, तर ती काय सांगणार होती? की माझं दुःख एवढं जुनं झालंय, की ते आता हलतसुद्धा नाही?

देवाजी जवळजवळ पळतच आले. फोन हातात, टोपी तिरकी.

"बाई! झालं! केंद्र मंजूर झालं!"

"काका, थट्टा नको."

"नातवाची आन. मंत्रालयातून आपल्या गजाननचा फोन होता. फाइल निघाली."

"आचारसंहितेत मंजुरी कशी निघेल?"

"आधीचीच सही हाय म्हने. टेबलावर पडून होती. आज जावक झाली."

तसं होऊ शकत होतं. तसंच होतं नेहमी. विशाखा उभी राहिली आणि पुन्हा बसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. यमुनाबाई कोवे बोलत होत्या. त्यांचा मुलगा सुरेश दर महिन्याला रक्तासाठी जिल्ह्याला जाई.

"मॅडम, मंजूर झालं म्हने. चांगलं झालं." एवढं बोलून त्या गप्प झाल्या. आनंदानं शब्द फुटत नसतील, असं विशाखाला वाटलं. तिलाही कुठं फुटत होते?

ती देवाजींच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मग डोळे पुसून बोलतच सुटली. रक्ताच्या शीतपेटीला विजेची वेगळी जोडणी लागेल. दार रस्त्याच्या बाजूला हवं, दुखण्यानं वाकलेल्या मुलाला पायऱ्या चढवत नाहीत. देवाजी "हो बाई, हो बाई" म्हणत राहिले. ते तिच्याकडे बघत नव्हते, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

ती आपणहून खुर्चीत जाऊन बसली.

हेल्मेट उतरलं, तेव्हा या वेळी गाल ओले होते. नीरजांनी पत्रक स्वतःच तिच्या हातात दिलं. पहिलं वचन, त्र्याण्णव.

"तुमची बातमी कळली. अभिनंदन," त्या म्हणाल्या. "इथं आजवर कुणालाही एवढे मिळालेले नाहीत."

देवाजी टोपी हातात घेऊन उभे होते.

"बाई," ते म्हणाले, "मंजुरी नाही आली. गजाननचा फोनच नव्हता. यमुनाबाईले मीच सांगतलं, फोन करा म्हून."

विशाखाला छातीच्या मध्यभागी काहीतरी थांबल्यासारखं झालं. शीतपेटी, दार, वाकून चालणारं पोर, सगळं एकदम गेलं. नागसेनच्या वेळी असंच झालं होतं. त्यानंतर कधी नाही. हेल्मेट स्टँडवर टांगलेलं होतं आणि त्याचा दिवा विझलेला होता.

"आपल्या पोरीले भावाची कायजी नाही असं छापून येनार होतं," देवाजींचा आवाज चिरकला. "मले ते पाहवलं नसतं. मेहनत खरी, दुखनं खरं. एक बातमी खोटी. सही कर, बाई. पाच वाजून राहिले."

विशाखानं नीरजांकडे बघितलं.

"औषधाला बंदी आहे," नीरजा हळू आवाजात म्हणाल्या. "खोट्या बातमीबद्दल कायदा काही म्हणत नाही. कसा म्हणेल? आत आम्हीही खोटीच बातमी ऐकवतो."

विशाखानं पेन उचललं. मग ते ठेवून आधी यमुनाबाईंना फोन लावला. त्या बाईच्या मनात आशा पेटवून आपण इथं गुण घेऊन बसलो होतो. ती विझवायचं कामही आपलंच. आशा विझताना किती लागतं, हे आत्ताच मोजून झालं होतं.

"यमुनाबाई, ऐका. केंद्र मंजूर झालेलं नाही. बातमी चुकीची होती."

"असू द्या, मॅडम."

आवाज तोच होता. मघाचाच. सपाट.

"तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"मले कुठं खरं वाटलं होतं? देवाजीभाऊनं सांगतलं, मी म्हनलं, असन. सुरेशची गुरुवारची तारीख हाय, सकाळच्या गाडीनं नेतो. पन तुमी काऊन रडून राहिल्या, मॅडम?"

फोन बंद झाल्यावरही विशाखा तो कानाशी धरून होती. मग तिनं पहिलं पत्रक ओढून घेतलं. चारचं.

"बाई!" देवाजी ओरडले.

"काका, यमुनाबाईंना या खुर्चीत बसवलं तर किती येतील?"

नीरजांनी मान खाली घातली.

"त्र्याण्णव छापले, तर यंत्र बरोबर ठरतं," विशाखा म्हणाली. "मग यमुनाबाईंना पोराची काळजी नाही, हेही बरोबर ठरतं. आणि उद्या प्रत्येक उमेदवाराची माणसं त्याला खुर्चीत बसवण्याआधी अशीच खोटी बातमी देतील. चारच छापा. हे चार कुठून आले, ते मी सभेत सांगेन. डॉक्टर, तुम्ही याल सांगायला?"

"माझी नोकरी जाईल," नीरजा म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "सभा कधी आहे?"

विशाखानं सही केली.

"तुम्ही हराल बहुतेक," नीरजा म्हणाल्या.

विशाखानं पेनाचं टोपण लावलं. हराल हा शब्द ऐकताच छातीत मघासारखीच कळ उठली होती. बारीक, पण स्पष्ट. तिला नवल वाटलं: अपेक्षा नसेल तर खंड पडत नाही.

"काका," ती म्हणाली, "लागलं हो मला."