चोरकप

सुनेचा फोन आला तेव्हा वहिनींच्या तोंडात चहाचा घोट होता. घोट घोळवायचा, चव पकडायची आणि थुंकून टाकायचा, हेच त्यांचं नोकरीभराचं काम. त्या सकाळी मात्र तो घोट त्यांनी गिळला.

"आई, बाबा पडलेत," सून म्हणाली. "छाती इतकी उडतेय की शर्टावरून दिसतेय. तुम्ही थेट हॉस्पिटललाच या."

वहिनी हे काही त्यांचं नाव नव्हे. धाकट्या दिराने लग्नाच्या दिवशी हाक मारली आणि ती ऑफिसपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांनी उचलली. नवऱ्याला तसंच सगळं जग दादा म्हणे. दादांचा फर्निचरचा कारखाना. लाकडाच्या भुशाने त्यांची फुप्फुसं आधीच पोखरली होती आणि गेल्या वर्षी हृदयानेही कुरकुर सुरू केली. डॉक्टरांनी सिगारेट बंद केली, मीठ कमी केलं, जिने चढायला मनाई केली. दादांनी सगळं मुकाट्याने मानलं. पण कॉफी बंद झाली आणि माणूस मिटला. जेवताना ताटाकडे बघत बसायचे.

वहिनी वॉर्डाच्या दाराशी पोहोचल्या तेव्हा दादांच्या अंगावर वायरी होत्या आणि डोळे मिटलेले होते. पडद्यावरची रेघ वेडीवाकडी धावत होती. सून भिंतीला टेकून उभी होती. भाऊजी, म्हणजे वहिनींचा तो दीर, बाकावर डोकं धरून बसले होते.

डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेतलं. ठोके औषधाला दाद देत नव्हते. हृदयाचाच बिघाड असेल तर भूल देऊन आतून उपचार करावा लागणार होता, आणि असल्या फुप्फुसांचा माणूस भुलीतून बाहेर येईलच, असं ते सांगू शकत नव्हते.

"बाहेरून काही पोटात गेलं असेल, तर ते उतरेपर्यंत थांबता येईल," ते म्हणाले. "चहा, कॉफी, कुठलं टॉनिक?"

"कॉफी घेतात. डिकॅफ. कॅफीन काढून टाकलेली."

"खात्रीची?"

"मी स्वतः निवडलीय."

"रक्तातलं कॅफीन इथे मोजता येत नाही. नमुना बाहेर पाठवावा लागतो, तेवढा वेळ आपल्याकडे नाही. पाच वाजता मला ठरवावं लागेल. नुसत्या संशयावर मी थांबणार नाही. हृदय दमत चाललंय."

नवरा वाचवायचा तर त्याच्या कपात विष होतं असं सिद्ध करायला हवं, आणि त्या कपातली कॉफी तर वहिनींनीच निवडलेली. देवाने काय पेच टाकावा माणसापुढे.

सुनेने मशीनमधून सगळ्यांसाठी कॉफी आणली. भाऊजींनी कप परत केला. "मला नको गं, पित्त खवळतं. कित्येक वर्षांत थेंब घेतला नाही मी." वहिनींनी आपला कप घेतला आणि तो न पिता हातात तसाच धरून ठेवला.

ही डिकॅफ निवडली कशी, हे सगळ्या घराला पाठ होतं. कॉफी परत द्यायची तर कॅफीन नसलेली, आणि ते रसायनाने नव्हे तर पाण्याने काढलेलं. दादांच्या शरीरात औषधं काय कमी होती, की आणखी रसायन घालावं? म्हणून सेंद्रिय. पण शोधायला गेलं तर एक पुडी पुठ्ठ्यासारखी, दुसरी भिजलेल्या गोणपाटासारखी. शेवटी वहिनींनी ऑफिसची रीत घरी आणली. गावातल्या दुकानांतून निरनिराळ्या सेंद्रिय डिकॅफ गोळा केल्या, आणि भाऊजींनी स्वयंपाकघराच्या टेबलावर कपांची रांग लावली. कुठल्या कपात काय, हे ओतणाऱ्यालाच ठाऊक.

त्यात एक चोरकपही होता. चहा चाखणाऱ्यांच्या रांगेत ओतणारा एक परका कप गुपचूप घुसवतो. चाखणाऱ्याने तो पकडायचा. नाही पकडला, तर जीभ त्या दिवशी ठिकाणावर नाही असं समजून सगळे निकाल मोरीत ओतायचे. वहिनींनीच भाऊजींना सांगितलं होतं, एका कपात साधी, कॅफीनवाली कॉफी घाला म्हणून.

मधल्या एका कपाशी त्या थबकल्या होत्या. अक्रोडाच्या सालीसारखा तुरटपणा आणि मागून गुळाचा गोडवा. "हा तुमचा चोर. ही खरी कॉफी आहे. मला फसवताय होय, भाऊजी?" भाऊजी हसले होते. म्हणाले होते, "वहिनी, तुमच्यापुढे कुणाचं चालतं?" मग शेवटचा कप. संत्र्याच्या सालीचा वास, जिभेवर चटका. "आणि ही आपली डिकॅफ. हीच घ्यायची." उरलेली दादांनी उचलून प्यायली, कप खाली ठेवला आणि कित्येक महिन्यांनी हसले. सगळ्यांचे डोळे भरून आले होते.

सुनेने घरून बरणी आणली. वहिनींनी तिला बाकावर बसवलं आणि उलटतपासणी सुरू केली. पोरीवर संशय घेताना त्यांना लाज वाटत होती, पण लाजेला वेळ नव्हता.

"बरणी कोण भरतं?"

"काकाच. मला हातही लावू देत नाहीत. म्हणतात, दादाची कॉफी माझ्याकडे लागली."

"हल्ली कॉफीत काही बदल?"

"बाबा मध्यंतरी म्हणाले, पाणचट लागतेय. मग परत खूश झाले. आज सकाळी दुसरा कप मागून घेतला."

"तू कधी साधी कॉफी घातलीस? त्या दिवशी भांडताना म्हणाली होतीस, माणसाला त्याच्या मनासारखं जगू द्या म्हणून."

सून सासूच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "मनात आलं होतं, आई. घातली नाही."

वहिनींनी तिच्या हातावर हात ठेवला आणि बरणी पिशवीत टाकून त्या निघाल्या. मागून भाऊजींनी विचारलं, कुठे निघालात. भट्टीवर, त्या म्हणाल्या.

भट्टीवाला म्हणजे दादांची डिकॅफ ज्याच्याकडून येई तो कॉफी भाजून विकणारा चाळिशीचा गडी, हाताला कायम करपलेला वास. बरणी बघताच त्याचा चेहरा पडला. त्याच्या दुकानाचं नावच संपलं असतं. वहिनींनी आडपडदा ठेवला नाही.

"तू एकाच भट्टीत साधी आणि डिकॅफ दोन्ही भाजतोस. मिसळली असेल?"

"मागच्या घाण्याच्या चार बिया राहिल्या तर राहिल्या. त्याहून जास्त नाही." त्याने बरणीतल्या बिया ताटलीत पसरल्या आणि एक उचलून उजेडात धरली. "वहिनी, ही बी बघा. पोटातल्या चिरेत फिकट दोरा दिसतोय?"

"दिसतोय."

"ती कॉफीची आतली पातळ साल. साध्या बीत ती भाजल्यावरही चिरेत अडकून राहते. डिकॅफ पाण्यात इतकी भिजते की साल निघून जाते. चीर आतून काळी. आता या ताटलीत किती काळ्या आहेत ते बघा."

वहिनींनी बघितलं. काळ्या होत्या, पण फिकट दोऱ्याच्या त्याहून जास्त.

"म्हणजे तुझ्याकडूनच भेसळ."

"थांबा." त्याने फळीवरून काचेची बाटली काढली. प्रत्येक घाण्यातली मूठभर कॉफी तो बाजूला ठेवी, कुणाची तक्रार आली तर असावी म्हणून. बाटलीवर परवाच्या घाण्याची खूण होती. ओतलेल्या सगळ्या बियांच्या चिरा काळ्या. "पुड्या याच घाण्याच्या. सील मी स्वतः लावतो. परवाच भाऊजी नेहमीसारख्या दोन घेऊन गेले, एक तुमची आणि एक साधी. तेव्हा तर काही बोलले नाहीत."

वहिनींनी मान वर केली. मग म्हणाल्या, "ही बाटलीतली दळ आणि एक कप कर."

त्याने कप पुढे ठेवला. वहिनींनी घोट घेतला, घोळवला आणि थुंकायचं विसरून गेल्या. तोंडाचा रंगच उडाला. भट्टीवाल्याला वाटलं, यांनाही हॉस्पिटलात न्यावं लागतंय.

"वाईट आहे?" त्याने विचारलं.

"नाही रे. हा कप मी ओळखते," त्या म्हणाल्या. "थर्मास असेल तर याच कॉफीने भरून दे. लवकर."

पाच वाजायला आले होते. डॉक्टर संमतीच्या कागदासह वॉर्डाबाहेर उभे होते. वहिनींनी कागद घेतला नाही. भाऊजींसमोर जाऊन त्या उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, यांच्या पोटात साधी कॉफी गेलीय, आणि ती भाऊजींनी घातलीय."

सून चपापली.

"बरणीत दोन जातीच्या बिया आहेत," वहिनी सांगू लागल्या. "भट्टीवाल्याकडची त्याच घाण्याची मूठ निर्मळ आहे. म्हणजे पुडी घरी आल्यावर मिसळली गेली. बरणी तुमच्याशिवाय कुणी भरत नाही. तुम्ही दर खेपेला साधीही एक पुडी नेता, आणि सकाळी म्हणालात, कॉफीचा थेंब घेत नाही. मग ती पुडी कुणासाठी?"

"वहिनी..."

"एवढं कळलं तरी का, ते कळत नव्हतं. तुम्ही दादांच्या जिवावर उठाल हे मी मेले तरी मानणार नाही. ते कळलं भट्टीवर. त्याची खरी डिकॅफ मी चाखली. अक्रोडाची साल आणि मागून गूळ. त्या दिवशी टेबलावर मी जिला चोर म्हटलं, तोच कप. मग मी निवडलेला शेवटचा कप कुठला होता, भाऊजी? मी चोर पकडला म्हणाले, तेव्हा तुम्ही हो म्हणाला नाहीत. नुसते हसलात."

भाऊजींचं तोंड वेडंवाकडं झालं.

"तो शेवटचाच चोरकप होता," ते म्हणाले. "मी सांगणारच होतो. तेवढ्यात दादा हसला. वर्षभरात हसला नव्हता तो. तुम्हीही किती आनंदात होतात. कोणत्या तोंडाने सांगणार होतो, की वहिनी, चहा ओळखणारी तुमची जीभ कॉफीला चुकली? म्हटलं, भट्टीवाल्याची डिकॅफ आणू आणि तिच्यात चवीपुरती साधी मूठभर घालू. मग तो म्हणाला, पाणचट लागते. मूठ वाढली. काल बरणी भरताना निम्म्याच्या वर घातली."

"आज सकाळी दोन कप," सून पुटपुटली.

डॉक्टरांनी पुढे होऊन झटपट विचारलं: कप केवढे, किती वाजता, आधी रोज किती. भाऊजी आणि सून आठवून आठवून सांगत गेले. डॉक्टरांनी हिशेब मांडला आणि भुलीच्या डॉक्टरांना निरोप पाठवला, आत्ता नको. "रात्रीपर्यंत बघू. उतरायला हवं," ते म्हणाले आणि आत गेले.

तिघं बाकावर बसून राहिली. आतला टकटक आवाज ऐकू येत होता. प्रत्येक जण तो मोजत होता आणि मोजत नसल्याचं सोंग करत होता. वहिनींच्या मनात राग होता आणि त्याच्या खाली लाज. चोर पकडला नाही तर निकाल मोरीत ओतायचा, हा नियम त्यांचाच. पकडला म्हणून त्या मिरवल्या, आणि ओतणाऱ्याला उलटून विचारलं नाही.

बाहेर दिवे लागले तेव्हा नर्स दारात आली आणि म्हणाली की ठोके उतरतायत, हळूहळू, पण उतरतायत. पेशंटने डोळे उघडलेत आणि सकाळची कॉफी छान होती म्हणतोय.

सून रडत रडत आत धावली. भाऊजी जागचे हलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "वहिनी, तुम्ही चोर म्हणून बाजूला ठेवलात तो कप... ती डिकॅफच होती? इतकी चांगली लागली तुम्हाला?"

"खरी कॉफीच वाटली मला."

"म्हणजे तीच दिली असती तरी दादा हसला असता."

वहिनींनी थर्मास उघडून झाकणात थोडी ओतली आणि त्यांच्यासमोर धरली. वाफेला अक्रोडाचा वास होता. पित्तवाल्या माणसाने कित्येक वर्षांनी घोट घेतला, आणि मग झाकण दोन्ही हातांत धरून लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

"आज मी तुम्हाला माफ करणार नाही," वहिनी म्हणाल्या. "उद्याचं उद्या बघू. पण ते घरी आले की बरणी तुम्हीच भरायची, रोज. माझ्यासमोर."