काजव्याचा आक्षेप

पडदा काळा होता आणि समोरची चाळीस माणसं सौजन्यानं गप्प होती. त्या शांततेत फक्त प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता.

वाचनालयाच्या वरच्या दालनात मी ‘भिंग’ दाखवायला उभी होते. भिंग म्हणजे मीच लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम. माऊसचा बाण जाईल तिथली अक्षरं तो आठपट मोठी करतो. बाबांसाठी लिहिला होता. बाबा एका प्रकाशकाकडे मुद्रितशोधक. त्यांच्या नजरेच्या नेमक्या मध्यावर डाग पडला आहे. पण अक्षर आठपट झालं, की चूक त्यांच्या हातून अजूनही सुटत नाही.

मागच्या रांगेतून एक उंच तरुण उठून माझ्याजवळ आला.

“तुमचं भिंग बिघडलेलं नाही,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “या संगणकावर पडदा रंगवणारी नवी यंत्रणा आहे. तिच्यात एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या खिडकीत डोकावता येत नाही.”

“माहीत आहे!” माझा आवाज चढलाच. “प्रोग्रॅम सगळ्यांना खुले ठेवणाऱ्या तुम्हा मुक्तस्रोत मंडळींची मिळून एकच यंत्रणा होती, ती तुम्ही मोडीत काढलीत. आता प्रत्येक गटाची चूल वेगळी, नियम वेगळे. एकाकडे दिसलं तर दुसऱ्याकडे काळोख. माझ्या बाबांनी वाचायचं कुठे—तुमच्या भांडणात?”

“पण जुनीत कुणीही कुणाचा पासवर्ड चोरून पाहू शकायचं...”

“म्हणून सरसकट सगळ्यांचे डोळे बांधायचे?”

दालन हसलं. तोही हसला, आणि मग एकदम ओशाळला. “तुम्ही... भिंगवाल्या ना? दोन वर्षं मला झोडपताय. मी काजवा.”

काजवा! ही नवी यंत्रणा लिहिणाऱ्या गटाच्या चर्चाफलकावर मी एक प्रस्ताव मांडला होता : वापरणाऱ्याची परवानगी असेल, तर भिंगाला सगळा पडदा पाहू द्यावा. त्याखाली याच टोपणनावानं आक्षेप नोंदवला होता. ‘गरज थोड्यांची. सवडीनं पाहू.’

मी तिथून निघून जायला हवं होतं. पण तो वाकला, त्यानं काहीतरी टाइप केलं, जुनी यंत्रणा जागी झाली आणि उजळलेल्या पडद्याचा प्रकाश त्याच्या पापण्यांवर सांडला. माझा संताप जय्यत तयार होता, आणि मी मात्र पापण्या पाहत राहिले...

मग दर गुरुवारी आम्ही खालच्या चहाच्या हॉटेलात भेटू लागलो. भांडायलाच. तिसऱ्या गुरुवारी ‘तुम्ही’ कधी गळून पडलं, ते कळलं नाही.

“रागावलीस, की तुझ्या कपाळावरची आठी भिंगाशिवायही आठपट दिसते.”

“मग परवानगीशिवाय डोकावू नकोस.”

“परवानगीच मागतोय की... कधीपासून.”

मी कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहायचे. प्रस्तावाचा विषय काढला, की तो नजर चहात बुडवायचा. “गटाचा निर्णय असतो गं. एकट्याच्या हातात काय असतं?” आणि मी विश्वास ठेवत गेले. विश्वास ठेवणं त्या दिवसांत फार सुखाचं होतं.

त्याच दिवसांत प्रकाशकाच्या कचेरीतले सगळे संगणक काजव्याच्या गटाच्या यंत्रणेच्या नव्या आवृत्तीवर गेले. तिच्यात जुनी यंत्रणा ठेवलेलीच नव्हती. बाबा काही दिवस हातात काचेचं भिंग धरून, पडद्याला नाक टेकवून वाचत राहिले. मग एका सोमवारी त्यांनी राजीनामा दिला आणि टेबलाच्या खणाची किल्ली परत केली. हे सांगताना मी रडले, तेव्हा काजव्यानं माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

पुढच्या गुरुवारी तो माझ्या आधी येऊन बसला होता. त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. माझ्या प्रस्तावापुढे हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं : मंजूर.

“सकाळी मी आक्षेप मागे घेतला, दुपारी मंजूर! पुढच्या आवृत्तीत तुझं भिंग चालणार.”

“आणि गटातले बाकीचे?”

“त्यांची कधी हरकत नव्हतीच. एकट्या माझ्यामुळेच...” तो थांबला. थांबायला उशीर झाला होता.

“मग आज काय बदललं?”

“तू,” तो म्हणाला. “म्हणजे—तू भेटलीस. तू मला आवडतेस. फार. हे तुझ्यासाठी केलं मी.”

याच वाक्याची मी किती गुरुवार वाट पाहिली होती! ते आलं, आणि मला फक्त संताप आला.

“त्या फलकावर माझ्याखेरीज एकतीस जणांनी हीच मागणी लिहिलीय,” मी म्हणाले. “कुणी शिक्षक आहे, कुणाची आई शिवणकाम करते. त्यांच्यापैकी कुणीच तुझ्यासमोर चहा प्यायला बसलं नाही. त्यांनी कुणाला आवडायचं?”

त्यानं लॅपटॉप पुन्हा स्वतःकडे वळवला.

“‘डोळे आता साथ देत नाहीत’ असं बाबांनी लिहून दिलं. डोळे साथ देत होते, काजव्या. तू देत नव्हतास.”

“चुकलो मी.” त्याचा आवाज खरा होता, हेच फार वाईट होतं. त्यानं टेबलावर तळहात उघडा ठेवला. “पण आपलं काय? थांबशील ना... परवानगी मागतोय.”

त्याच्या पापण्यांवर पुन्हा तोच प्रकाश पडला होता. मी लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं. उठले, खुर्ची नीट आत सरकवली, आणि बाबांच्या रोजच्या जुन्या वाटेनं त्यांच्या कचेरीकडे चालू लागले, खणाची किल्ली परत मागायला.