डिकीतला दिवा

तुझ्या आजोबांना मी पहिल्यांदा पाहिलं ना पोरी, तेव्हा मी टॅक्सी ढकलत होते, आणि अर्धं कुमासी शहर माझ्यासोबत ढकलत होतं. हसू नकोस! संत्रीवाल्या होत्या, एक पाद्री होता... शेवटी तर एका बोकडानंसुद्धा मागून शिंगं लावली.

गाडी थांबली ती थेट एका गॅरेजच्या दारात. आतून एक लांबटांग्या बाहेर आला.

"मॅडम ड्रायव्हर, धंदा टॅक्सीचा की मिरवणुकीचा?"

"बॅटरी नवीकोरी आहे," मी फणकारले. "संध्याकाळी ठणठणीत, सकाळी मेलेली. रोजचंच!"

"म्हणजे उभ्या गाडीत कुणीतरी चोरून पितंय."

"मी नाही पीत!"

तो हसला... आणि गालाला अशी खळी पडली, की कोंबडीनं त्यात खुशाल अंडं घातलं असतं.

पण मला हसायला सुचत नव्हतं. गाडी अब्राफी मावशीची. तिनं बजावलेलं — शनिवारी सकाळी सुरू झाली नाही, तर किल्ली दुसऱ्या ड्रायव्हरला, आणि तू माझ्या खानावळीत उकडलेल्या कंदांचं फुफू कुटायला. स्टिअरिंग सोडून मुसळ? छे!

ओपोकूनं — हेच त्याचं नाव — आधी बॅटरी चार्ज केली, मग गाडीतलं सगळं बंद करून किल्ली माझ्या हातात दिली. बॅटरीची एक तार सोडवली आणि मध्ये एक चिमुकला दिवा जोडला. दिवा पेटला.

"बघा. सगळं बंद, तरी वीज चाललीय कुठंतरी. आता मी एकेक फ्यूज काढतो. दिवा विझला की सांगा."

मी बघत राहिले...

"मॅडम, दिवा तिकडं आहे."

"माहितीये!"

एक फ्यूज निघाला आणि दिवा विझला.

"हा आतल्या दिव्यांचा. छतावरचा तर बंद आहे. राहिली डिकी."

"डिकी लावली की तिथला दिवा विझतो."

"तुम्ही आत बसून पाहिलंय?"

फ्यूज परत बसवून तो स्वतःच डिकीत शिरला. जिराफ टोपलीत बसावा तसा. "लावा झाकण."

लावलं. धाडकन.

"पेटलेलाच आहे!" आतून आरोळी आली. "कंदांची पोती कोंबून कोंबून झाकण वाकलंय. दिव्याचं बटण दाबलंच जात नाही. उघडा!"

किल्ली माझ्या हातात होती. घाई कशाला?

"दुरुस्तीला किती वेळ?"

"चुटकीसरशी होईल." मग आत काहीतरी खुडबुडलं. "...पण मग उद्या तुम्ही येणार नाही."

माझा हात कुलुपावरच थांबला.

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं." सगळं ऐकू आलं होतं गं!

"म्हटलं — गाडी बिघडली नाही तरी याल का? अंधार असता तर बोलायला सोपं गेलं असतं. इथं उजेडात नुसते माझे गुडघे दिसतायत..."

मी झाकण उघडलं. घामानं निथळत होता बिचारा.

"आता तोंडावर विचारा."

विचारलं. पापणी न हलवता.

"बघू," मी म्हटलं. "आधी शनिवार."

त्यानं आपल्या रबरी चपलेची टाच कापली आणि झाकणाला आतून चिकटवली, बटण दाबायला.

शनिवारी मावशी दुसऱ्या ड्रायव्हरला घेऊनच हजर! मी किल्ली फिरवली... आणि इंजिन असं गरजलं, की पार अक्राच्या समुद्रातले मासे दचकले. ड्रायव्हर आल्या पावली परत गेला. मी तशीच गॅरेजात.

"काय बिघडलं?" ओपोकूचा चेहरा पडला.

"काहीच नाही."

बापरे, ती खळी!

पुढं त्याची माणसं रीतीप्रमाणं दारूची बाटली घेऊन आमचं दार ठोठावायला आली. मावशीनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, आणि तिची नजर पायाशीच अडकली.

"अहो, मागणी घालायला आलात आणि चप्पल अर्धी?"

"अर्धी तुमच्या गाडीत आहे, मावशी."

"मग काढून द्या गं याची याला!"

"नको, नको," मी पडद्याआडून ओरडले. "बॅटरी उतरेल! त्यापेक्षा... मलाच देऊन टाका."