दोन गावांच्या मॅडम

फाट्यावर एसटीतून उतरून संजीवनीनं ज्या मोटरसायकलला हात केला, तिथंच सगळं चुकलं.

"सावळीले जाऊन राह्यल्या का?" त्यानं विचारलं.

"हो. तुम्ही तिथलेच?"

"बाजूचाच हाय... बसा."

वारा मजेचा होता, तो माणूसही बोलका होता, आणि नाशिकहून बुलढाण्यात बदलून आलेल्या मुलीला तीन आठवड्यांत पहिल्यांदाच कुणी कामापलीकडचं विचारलं होतं – जेवल्या का? ती खुशीत सावळीच्या ग्रामपंचायतीसमोर उतरली. तिथं सरपंच महादेवराव हार घेऊन उभे होते. त्यांनी चालकाकडे पाहिलं आणि हार मुकाट्यानं खुर्चीवर ठेवून दिला.

चालक होता हर्षल, शेजारच्या डोंगरखेडचा सरपंच. पाण्यावरून या दोन गावांनी वीस वर्षांत एकमेकांचा चहासुद्धा घेतलेला नव्हता!

संजीवनी नियोजन कार्यालयातली. एकेकट्या गावाला न झेपणारं काम शेजाऱ्यांनी मिळून करावं म्हणून त्यांना एकत्र बसवायचं, ही तिची नोकरी. पाणी भरपूर ते सावळीच्या विहिरीत, उंच टेकडी ती डोंगरखेडकडे. टेकडीवर एकच टाकी बांधली की दोन्ही गावांच्या नळांना पाणी. नकाशावर पाच मिनिटांचं काम. नकाशा कुणावर रुसत नाही ना!

सावळीचा रुसवा काढायला तिला दोन महिने लागले. त्या पहिल्या दिवसापासूनच तिनं कानाला खडा लावला. फाट्यापासून तीन किलोमीटर पायी जायचं. पाणी स्वतःच्या बाटलीतलं. चहा ना यांचा, ना त्यांचा. दोन्ही गावांत मान मिळाला, पण ताटावर बस म्हणणारं कुणी उरलं नाही. संध्याकाळी बुलढाण्याच्या खोलीत एकटीपुरता भात लावायचा आणि आईला फोनवर सांगायचं, "मजेत आहे गं." साफ खोटं. कुकरची शिट्टी झाली की तिला बरं वाटे, तेवढाच आवाज.

बैठका दोन गावांच्या शिवेवर, सतरंजीवर होत. अर्धी सतरंजी यांची, अर्धी त्यांची आणि मधोमध ती.

"मॅडम, ते व्हॉल्व्हचं पुन्हा एकडाव सांगा," हर्षल म्हणायचा.

"दोनदा सांगून झालंय."

"तिसऱ्यांदा सांगतानी तुमी हसता..." हे मात्र एकदम हळू.

ती फाईलमध्ये डोकं खुपसायची. तरी बैठकीच्या दिवशी नेमकी तीच निळी ओढणी कशी निघायची, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नाही.

आठव्या महिन्यात कराराचा दिवस उजाडला. ती तासभर आधीच शिवेवर येऊन बसली होती. हर्षल आला आणि दोन हात लांब उभा राहिला.

"महादेवराव ठराव मांडून राह्यले. संयुक्त समितीच्या सचिव तुमीच, पाच वर्ष. दुसरं कोणी आलं तं ते सही करत नाही म्हणे."

"आणि तुमचं म्हणणं?"

"अनुमोदन मले द्या लागते. मी नाही देत."

"काऊन?"

त्याची बोली तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघाली. तो हसला, पण डोळे हसले नाहीत.

"तुमी समितीत बसल्या, तं मंग माह्या घरी कशा येसान?"

डोंगरखेडची सून झालेल्या सचिवावर सावळी एक दिवसही विश्वास ठेवणार नव्हती, हे तिला कळत होतं. त्यालाही कळत होतं.

"काल तुमच्या आई टँकरच्या रांगेत होत्या," ती म्हणाली. "दोन तास."

"माहीत हाय मले." त्यानं टेकडीकडे पाहिलं. "फक्त एक सांगा... तुमच्या मनात काही हाय का नाही?"

"आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. चुकीच्या गाडीवर बसले तेव्हापासून."

तेवढ्यात दोन्हीकडून माणसं येऊ लागली.

महादेवराव उठले. "या पोरीनं आठ महिने आमचा चहा घेतला नाही अन् त्यांचाही नाही. असं माणूस पुन्हा भेटत नसते. सचिव म्हणून मी यांचं नाव सुचवतो. अनुमोदन?"

सगळं डोंगरखेड हर्षलकडे वळलं. त्यानं संजीवनीकडे पाहिलं, अगदी सावकाश, जणू आता बरेच दिवस असं पाहता यायचं नव्हतं. ती नजर खाली घालणार होती, पण घातली नाही.

त्यानं हात वर केला. "माह्यं अनुमोदन हाय."

टाळ्या पडल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा दोन्ही गावांनी एकाच गोष्टीला टाळ्या वाजवल्या. बायका तर कधीच्याच उठून नळ कुठं बसवायचे ते बोलू लागल्या होत्या.

मग रीतीप्रमाणे ठराव वाचून दाखवायचा होता, आणि तो सचिवानंच वाचायचा असतो. संजीवनी उभी राहिली.

"सूचक, महादेवराव. अनुमोदक..." ती घोटभर पाणी प्यायली आणि त्याचं नाव वाचलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. "ठराव सर्वानुमते मंजूर."

सचिवाला मत नसतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.