बारावा नकार

मुलगा एकटाच आला, इथंच विजयमालाला पहिला धक्का बसला. ना मामा, ना काका! तुमसरच्या गोपाळराव लुगडेवाल्यांच्या घरी आजवर अकरा मुलं तिला पाहून गेली होती, आणि अकराही जणांना तिनं चहा निवायच्या आत 'नाही' म्हणून वाटेला लावलं होतं. पण या बाराव्यानं चक्क तिच्या वडिलांनाच हात जोडले.

"काका, तुम्ही आणि काकू जरा आत बसता का? दार उघडंच राहू द्या."

आणि बाई गं, बाबा मुकाट्यानं उठून गेले की!

सावळा होता. चष्मा नाकावर घसरलेला. डोळे मात्र... जाऊ दे.

"तुम्हाला काय पाहिजे?" त्यानं विचारलं.

"मला?" ती गडबडली. "स्वयंपाक येते का, शिवण येते का, ते नाही विचारत?"

"नसेल येत तर खानावळ आहे."

विजयमाला खळखळून हसली. पाहुण्यासमोर! तिचं तिलाच नवल वाटलं.

"तुम्ही करता काय हो?"

"भंडाऱ्याला एक खोली आहे माझी. लोक बोलतात, मी ऐकतो." तो जरा थांबला. "आम्ही विणकर. माझी बहीण चंद्रकांता, लग्न ठरलं आणि तिचं बोलणंच बंद झालं. भगत झाले, अंगारे झाले... आठ महिने! एक दिवस तिच्याजवळ कांड्यांवर सूत भरत बसलो होतो, सहज विचारलं, ताई, तुले काय पाहिजे? तर बोलली. तोवर कोणी विचारलंच नव्हतं. मग ऐकायचं कसं, ते शिकायला नागपूरला गेलो."

आणि आईलाही कधी न सांगितलेलं मनातलं विजयमाला सांगून बसली. या अकरांच्याही आधी एक स्थळ नुसत्या फोटोवरून ठरलं होतं. हळद दळून झाली, आणि तीन दिवस आधी निरोप आला— मुलगी पसंत नाही.

"तेव्हापासून त्यांनी म्हणायच्या आधी मीच नाही म्हणते," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली, डायरी उघडली.

"गुरुवारी दोनला भंडाऱ्याला याल?"

"लग्नाआधी? एकटी?"

"लग्न? कोणाचं लग्न?"

त्यानं गोंधळून डायरी मिटली.

"मी मधुकर निमजे," तो चाचरत म्हणाला. "मनाचा डॉक्टर. तुम्हाला... सांगितलं नाही?"

वेड्यांचा डॉक्टर! म्हणजे आपण वेडी! आणि आपण मघापासून या माणसाकडे...

मधुकरनं गोपाळरावांना हाक मारली. "काका, मी दोनदा विचारलं होतं, तिला माहीत आहे ना?"

"सांगतलं असतं तर बसली असती काय ते?" गोपाळराव तडकले. "अकरा पोरं वापस केली! डोकसं फिरलं नाही तं काय?"

"त्यांचं डोकं शाबूत आहे. पण मी यांना उपचाराला घेऊ शकत नाही."

नाही. ज्या शब्दाला चार वर्षं चुकवत आली, तो शेवटी आला. तोही याच्याच तोंडून!

"मनातलं बोलावंसं वाटलं, तर नागपूरला सत्यभामाबाई डॉक्टर आहेत," तो तिला म्हणाला. "फार चांगल्या आहेत. तुमचा डॉक्टर मी नाही होऊ शकत."

"काहून?"

आजवर एकालाही तिनं कारण विचारलं नव्हतं.

"कारण मघाशी तुम्ही हसल्या... आणि मी पुढचा प्रश्नच विसरलो. डॉक्टरला हे चालत नाही." त्याचे कान लाल झाले. "माझ्या आईला घेऊन येऊ का? काकांनी नाही, तुम्ही सांगायचं."

आत तिच्या आईच्या, जानकीबाईंच्या, हातून परात पडली.

सवयीनं 'नाही' ओठांवर आलंच. विजयमालानं ते गिळलं.

"मला भीती वाटून राहिली आहे," ती म्हणाली. "खूप. पण... घेऊन या."