मामांची तीन मिनिटं

"मोठ्यानं बोला जरा, ऐकू येत नाही!"

सांस्कृतिक कार्यालयाच्या खिडकीतून तो पहिल्यांदा माझ्यावर खेकसला तेव्हा मनात आलं, आता ही आणखी एक ब्याद! आधीच दिवस वाईट होते. आमच्या नाट्यगृहाचं सरकारी अनुदान बंद करायचं घाटत होतं. पुरेशा लोकांनी लेखी हरकत घेतली तर सुनावणी, नाहीतर थेट कुलूप. मी दारोदार फिरून हरकतींचा गठ्ठा जमवला होता आणि खिडकीतला हा लघुलेखक तो परत करायला निघाला होता.

"यांच्यावर पत्ते नाहीत."

"लिहून आणते," मी पुटपुटले.

"तुम्ही कायम असंच कुजबुजता?"

"प्रॉम्प्टर आहे मी. विंगेत उभी राहून नटांना विसरलेली वाक्यं सांगते. प्रेक्षकांना ऐकू गेलं तर माझी नोकरी जाते."

"आणि इथे ऐकू आलं नाही तर नाट्यगृह जाईल," म्हणाला, आणि वर हसला मेला! त्याच्या अंगठ्याला शिक्क्याची जांभळी शाई होती, तीच गालालाही लागली होती. मी सांगितलं नाही. बसू दे तसाच दिवसभर, म्हटलं.

मग रोजच जाणं सुरू झालं. लोक दारातूनच वाटेला लावायचे. "दवाखान्यात औषधं नाहीत आणि तुम्हाला नाटकं सुचतायत?" औषधं खरंच नव्हती. मी पाय ओढत खिडकीशी पोचायचे. तो प्रत्येक कागद वाचायचा, मगच शिक्का मारायचा.

"आज चारच?"

"चारच."

"अरेरे… म्हणजे उद्या पुन्हा यावं लागणार तुम्हाला." चेहऱ्यावर दुःखाचा लवलेश नव्हता.

"तुम्हीही लिहा की एक हरकत."

"सरकारी नोकराची कशालाच हरकत नसते," तो म्हणाला, आणि माझ्याकडे असं बघत राहिला की मीच खाली पाहिलं.

एकदा त्यानं विचारलं, "एवढी का धडपडता? तुम्हाला दुसरं काम मिळेल."

आणि जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते मी त्याला सांगून बसले. माझे मामा आमचे मुख्य नट. आईवडिलांच्या मागे त्यांनीच मला वाढवलं. दोन वर्षांपासून त्यांना काही आठवेनासं झालंय. चहा घेतला की नाही, ते सांगता येत नाही. पण रंगमंचावर माझी कुजबुज कानी पडली की ताठ उभे राहतात, पूर्वीसारखे बोलतात. तेवढे दोन तास ते माझे मामा असतात. नाट्यगृह गेलं की मामाही गेले.

त्याचा शिक्का हवेतच थांबला. "आणि सुनावणीत बोलणार कोण?"

"मामाच. लोक त्यांच्यासाठीच येतील."

अखेर हरकती पुरेशा भरल्या, सुनावणी ठरली. नियमाप्रमाणे मी लिहिलेल्या भाषणाची प्रत आदल्या दिवशी त्याच्याकडे दिली.

सभागृह खच्चून भरलं. ज्यांनी मला दारातून परत पाठवलं होतं, तेही आले. मी मामांजवळ जाऊ लागले तर सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी अडवलं. "वक्ता एकटाच. तीन मिनिटं." मला पार शेवटची रांग मिळाली.

मामा दोन वाक्यं बोलले आणि… थांबले. त्यांची मान सवयीनं उजवीकडे वळली, जिथे विंग असते, जिथे मी असते. तिथे भिंत होती.

तेवढ्यात साहेबांशेजारी बसलेल्या लघुलेखकानं पेन खाली ठेवलं. मला ऐकू काहीच आलं नाही, फक्त त्याचे ओठ हलताना दिसले. आणि मामांचा आवाज घुमला, "घरी रडलं तर कारण सांगावं लागतं हो. इथे अंधारात कुणी विचारत नाही. ही जागा काढून घेऊ नका!"

शेवटच्या वाक्यापर्यंत तो सांगत राहिला. माझे शब्द, त्याची कुजबुज, मामांचा आवाज. मी पदर तोंडात धरून रडले.

"तुम्ही लिहायला बसलायत की बोलायला?" साहेबांनी त्याला विचारलं. टाळ्या तेव्हाही चालूच होत्या.

टाळ्यांनी काही झालं नाही. हरकती फेटाळल्या. आठवड्यानं नाट्यगृहाची किल्ली ताब्यात घ्यायला कार्यालयानं नेमकं त्यालाच पाठवलं. मामा पहिल्या रांगेत बसले होते. मी रिकाम्या रंगमंचावर उभी होते.

"माझी बदली झाली," तो म्हणाला. "खूप लांब. उद्या सकाळची गाडी आहे."

"माझ्यामुळे…"

"माझ्या तोंडामुळे. आता सुटलंच आहे तर आणखी एक बोलतो. मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून."

शेकडो वाक्यं पाठ होती मला. सगळी दुसऱ्यांची.

तेव्हा पहिल्या रांगेतून, समोरची नजर न हलवता, मामा हलकेच म्हणाले, "'मलाही तुम्ही आवडता…' म्हण पोरी."

"मलाही तुम्ही आवडता," मी कुजबुजले.

"ऐकू येत नाही."

"मलाही तुम्ही आवडता!" आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

मामांनी टाळी वाजवली. "झकास! पुढचा प्रयोग कधी?"

किल्ली आता त्याच्या मुठीत होती. मग तो मामांपाशी गेला, खाली वाकला.

"शनिवारी," म्हणाला. "तुमच्या घरी. दर शनिवारी येईन मी."

"या," मामा म्हणाले. "तिसऱ्या घंटेच्या आधी या मात्र."