भास्करकाकांच्या अकरा वायरी

यातलं एकही नाव मी बदललेलं नाही. धनश्रीनेच सांगितलं, बदलू नकोस. निदान कुणाला काही ठाऊक असेल तर कळवेल तरी.

धनश्री माझी मामेबहीण. माहेर धुळ्याचं, लग्नानंतर सिल्वासा. नरोली रोडवर दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. नवरा ओंकार, सामरवरणीच्या एका यार्न कंपनीत मेंटेनन्सला. मुलगी शर्वी, तेव्हा चौदा महिन्यांची.

गुरुवार होता. दुपारचे सव्वादोन.

पण त्याआधी ओंकारच्या वेडाबद्दल सांगायला हवं.

त्याला जुन्या सिंथेसायझरचा नाद. कुठे बंद पडलेला दिसला की उचलून आणायचा आणि रविवारभर पाना-पक्कड घेऊन बसायचा. धनश्री म्हणायची, "दोन सवती आधीच घरात आहेत, आता तिसरी आणू नका!"

तिसरी आलीच.

सामरवरणीच्या भास्करकाकांची. काका ऑर्केस्ट्रावाल्यांचे कीबोर्ड दुरुस्त करायचे. हे मशीन त्यांनी स्वतः बनवलं होतं. लाकडी पेटीत पत्र्याच्या पट्ट्या, त्यावर नॉब आणि भोकं, पुढे स्वरांची बटणं. या भोकातून त्या भोकात वायर लावायची, तसा आवाज निघतो. मॉड्युलर म्हणतात त्याला. त्यात काही सेव्ह होत नाही. वायरी काढल्या की तो आवाज गेला.

काका वारले होते. मंजुषाकाकूंनी पेटी देताना एकच सांगितलं.

"भाऊ, वायरी आहेत तशाच राहू द्या हं."

ओंकारने मान डोलावली. घरी आल्यावर मात्र या नादातली माणसं करतात तेच केलं. मोबाईलवर फोटो काढला आणि सगळ्या वायरी उपटल्या. दुसऱ्याच्या आवाजावर कोण खेळतं?

अकरा होत्या. त्याने त्या गुंडाळून ड्रॉवरमध्ये टाकल्या.

चार दिवसांनी तो गुरुवार.

ओंकार ड्युटीवर. शर्वी आत झोपलेली. धनश्री ओट्याशी भांडी विसळत होती. दाराला आतून कडी.

आणि आवाज आला...

हूंऽऽऽ... हूंऽऽऽ...

कुणीतरी तोंड मिटून गुणगुणावं तसा. चढायचा, उतरायचा.

तिला वाटलं, खालच्या मजल्यावरची पाण्याची मोटर.

मोटर नव्हती.

हॉलमध्ये पेटी वाजत होती. प्लग जमिनीवर पडलेला. शर्वी बोटं घालते म्हणून तिनेच सकाळी काढला होता.

आणि पेटीत वायरी होत्या.

तिने मोजल्या. अकरा.

ओंकारने पाठवलेला फोटो तिच्या मोबाईलमध्ये होता. तो समोर धरून तिने एकेक ताडून पाहिली. सगळ्या जिथल्या तिथे.

तिने फोन लावला. ओंकार हसला. "अगं, शर्वीने खोचल्या असतील."

"चौदा महिन्यांच्या पोरीने? अकरा? तुम्ही आत्ताच्या आत्ता घरी या!"

तो आला. पत्र्यावर हात ठेवला आणि झटकन काढला.

"तापलंय."

मग एक स्वर दाबून पाहिला. त्याचा चेहरा उतरला.

"हे अर्धा-पाऊण तास चालू राहिल्याशिवाय सुरात येत नाही, धना. प्लग काढलेला, तरी आत्ता एकदम सुरात आहे."

"मग काढा ना त्या वायरी!"

त्याने लाल वायर ओढली.

आवाज थांबला.

घर इतकं शांत झालं की... धनश्रीला काहीतरी कमी वाटलं. आई होती ती. झोपेतही लेकीचा श्वास ऐकायची सवय.

तो ऐकू येत नव्हता.

ती आत धावली. शर्वीची छाती हलत नव्हती. ओठ जांभळट. हलवलं, पाठीवर थोपटलं, नावाने हाका मारल्या...

काही नाही.

का कुणास ठाऊक, ती ओरडली, "लाव! लाव ती परत!" लग्नानंतर पहिल्यांदा तिने नवऱ्याला अरे-तुरे केलं.

हूंऽऽऽ...

शर्वीची छाती वर आली.

आवाज उतरला. छाती खाली गेली.

पोरीला दवाखान्यात नेलं, पेटी मांडीवर घेऊन. वायरला धक्का लागू नये म्हणून ओंकारने गाडी बैलगाडीसारखी चालवली. डॉक्टरांनी एक्स-रे, इको, सगळं केलं. रिपोर्ट नॉर्मल. "आई जरा जास्त काळजी करतात," असं म्हणून ते पेटीकडे पाहत राहिले.

तिने मंजुषाकाकूंना फोन केला. सगळं सांगितलं.

काकूंनी एवढंच विचारलं,

"कुठली काढली?"

"लाल."

"हे गेले ना... त्या दिवशी मी पेटीवरची धूळ पुसत होते," काकू हळू म्हणाल्या. "लालच सैल झाली होती. नंतर लावली मी. पण उशीर झाला होता."

"मग आम्हाला का दिलीत?" धनश्री किंचाळली.

"घरात ठेवायची भीती वाटायची गं. आणि मी सांगितलं होतं ना... हात लावू नका म्हणून."

आता ती पेटी शर्वीच्या खोलीत आहे. कपाटावर, उंच. खोलीत कुणी झाडूही मारत नाही. शर्वी खेळते, खाते, हसते. फक्त श्वास त्या आवाजाबरोबर घेते.

एवढ्यावर थांबलं असतं तर धनश्रीने तेही सोसलं असतं.

पण ओंकार म्हणतो, जुनी मशिनं सरकतात. आतले भाग म्हातारे होतात, वेग बदलतो. गती ठरवणारा नॉब त्याने जीव मुठीत धरून केसभर फिरवला. नॉब फिरला. आवाज तसाच.

पहिल्या दिवशी एक श्वास अडीच सेकंदांचा होता. धनश्री रोज मोजते. मोठमोठे डॉक्टर झाले, मशीनला नमस्कार करून झाला, नारळ ठेवून झाला.

परवा दुपारी मी तिला फोन केला होता. मलाही लहान मूल आहे, म्हणून आमचं बोलणं खाण्यापिण्याचंच चाललं होतं. मध्येच ती म्हणाली, "थांब हं."

मागे तो आवाज ऐकू येत होता. उतरत... उतरत गेला.

ती पुटपुटायला लागली. "एक... दोन... तीन..."

मीही इकडे मोजायला लागले.

"चार... पाच... सहा..."



"सात..."

"आला," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

सोमवारी तो सहालाच आला होता.